ताटावरचे हात

"हे काम तू घेशील का?" हेल्वीनं विचारलं, आणि नेमकं त्याच वेळी खिडकीतून धुकं आत आलं.

पन्हाळ्यावर श्रावणातलं धुकं घरच्या माणसासारखं वागतं. दार लावलं तर खिडकीतून येतं, खिडकी लावली तर कौलांच्या फटीतून. खोलीभर फिरतं, पडदे ओलसर करतं आणि आत्तीच्या चुलीपाशी गेलं की विरून जातं. त्या दुपारी ते माझ्या आणि लॅपटॉपच्या मधून सरकत गेलं. पडद्यावरची हेल्वी क्षणभर पुसट झाली. तिच्या मागच्या खिडकीतली उंच, सरळसोट झाडंही पुसट झाली. आपण दोघी एकाच ढगात बसलोय असं मला वाटलं.

हेल्वी म्हणजे माझी साहेब. फिनलंडमधल्या एका छोट्या कंपनीत ती तळ्यांचे नकाशे करायची. त्या देशात तळी इतकी, की आपल्याकडं गल्लीगल्लीत मारुती असतो तसं प्रत्येक वस्तीला आपलं तळं. लोक होड्या घेऊन फिरतात, आणि होडीवाल्याला खाली किती खोल आहे ते कळावं लागतं. कंपनीची होडी तळ्यावरून फिरायची. तिच्या पोटाखालचं यंत्र पाण्यात आवाज सोडायचं, तो तळाला आपटून परत यायचा, आणि त्यावरून खोली कळायची. अशा लाखो ठिपक्यांचा गुंता माझ्याकडं यायचा. एखादा आळशी मासा यंत्राखाली थांबला तर यंत्राला तोच तळ वाटायचा. असे मासे मी वेचून काढायची, आणि सारख्या खोलीच्या जागा जोडत रेषा ओढायची. आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं त्या पाण्याचा तळ मी गडावर बसून रेखत होते. घरी आलेल्या कुणाला सांगायला गेलं तर लोक आधी माझ्याकडं आणि मग आत्तीकडं बघायचे.

आले होते आठ दिवसांसाठी. पुण्यातली नोकरी सोडली होती, डोकं पार शिणलं होतं, आणि आत्तीचा हात मोडला होता. आत्तीचा हात बरा झाला, माझं डोकंही बरं झालं, पण मी काही गेले नाही. हेल्वीचं काम इथूनच मिळालं. मात्र ते करारावरचं होतं आणि दिवाळीला संपणार होतं. त्यानंतर कंपनी तळ्यांसाठी एक वेगळी तुकडी उभी करणार होती, आणि तिच्या प्रमुखाची जागा कायमची होती. ती मिळाली नाही तर पुन्हा पुणं. जुन्या ऑफिसचे फोन यायला लागलेच होते. मला पुणं नको होतं. मला हे धुकं हवं होतं, ती तळी हवी होती, आणि आत्तीच्या हाताखालची भाकरी परातीत फिरताना येणारा तो थपथप आवाज हवा होता.

तर हेल्वीनं विचारलं, "हे काम तू घेशील का?"

माझ्या छातीत नगारा वाजायला लागला. आणि मी अगदी शांत, शहाण्या मुलीसारखं म्हणाले, "मॅडम, माझ्यापेक्षा तोमाशचा अनुभव जास्त आहे. मला नाही वाटत मी यासाठी योग्य आहे. नको."

तोमाश आमचा पोलंडमधला सहकारी. समुद्राचे नकाशे करायचा. त्याची नोकरी पक्की होती, त्यामुळं त्याचं नाव घ्यायला मला काहीच जड गेलं नाही.

हेल्वी गप्प झाली. तिचं गप्प होणं मला दोन वर्षांत सवयीचं झालं होतं, आवडीचं मात्र नाही. आमच्याकडं दोन माणसं एवढा वेळ गप्प बसली तर तिसरं उठून चहा टाकतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "स्पष्ट सांगितलंस, आभार."

आणि पडदा काळा झाला.

मी उठले ती जवळजवळ नाचतच चुलीकडं गेले. मालनआत्ती, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, गडावर येणाऱ्या पाहुण्यांना घरच्या पडवीत झुणका-भाकरी जेवू घालायची. पाटी नाही, जाहिरात नाही, पण गडाचा 'तीन दरवाजा' बघायला जाणारी माणसं वासावर वळायची. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि आल्यागेल्याला वाढण्यात तिचा दिवस जायचा.

"आत्ती, मला विचारलं! प्रमुख होशील का म्हणून."

तव्यावरची भाकरी तिनं तशीच सोडली. "मंग? तू काय म्हणलीस?"

"नको म्हणाले."

"बरं केलंस," आत्ती म्हणाली आणि भाकरी उलटली. "पयल्या हाकंला हो म्हणलं की माणूस अधाशी दिसतंय. आता बग, परत इचारत्यात का न्हाई ते."

"विचारतील ना गं?"

"न इचारून सांगतील कुणाला?"

आम्ही दोघींनी त्या आनंदात गूळ-शेंगदाणे खाल्ले. एवढ्या हुशार आम्ही दोघी! आज आठवलं की हसू येतं. पण तेव्हा त्यात हसण्यासारखं काही आहे, असं गडावरच्या कुठल्याच माणसाला वाटलं नसतं. मी लहानपणापासून तेच बघत आले होते. पाहुणा आला की चहा नको म्हणतो, आणि चहा येतोच. जेवणार नाही म्हणतो, आणि हात धुवायला उठतो. सुनेला माहेरची साडी दिली की ती आधी "कशाला उगीच" म्हणते. कुणी एकदाच विचारून गप्प बसलं, तर ते विचारणं विचारण्यात धरतच नाहीत.

मी वाट बघायला लागले. फोन आला की धावायची. हेल्वीच्या रोजच्या कामाच्या निरोपात काही लपलंय का ते शोधायची. ती लिहायची, "लिंतुयार्वीच्या दक्षिण टोकाला ठिपके विरळ आहेत, बघ." मी ते तीन-तीनदा वाचायची. लिंतुयार्वी हे माझं सगळ्यांत लाडकं तळं, लांबट आणि वळणं घेत गेलेलं. मध्ये एक बेट, आणि पूर्वेच्या खडकापाशी एकाएकी खोल जाणारा एक डोह. बाकी तळ हळूहळू उतरायचा, तिथं मात्र रेषांना रेषा चिकटायच्या. त्या डोहावर मी दिवसचे दिवस घालवले होते. का कोण जाणे, तिथं कुणीतरी बसलेलं आहे असं वाटायचं.

एका दुपारी काम करता करता माझा डोळा लागला. स्वप्नात मी लिंतुयार्वीच्या तळाशी चालत होते. पाणी होतं, पण ओलं नव्हतं. उजेड हिरवट होता आणि वर, खूप वर, होड्यांची पोटं सरकत होती. तळाला पंगत बसली होती. पन्हाळ्यावरची सगळी ओळखीची माणसं, प्रत्येकापुढं पत्रावळ, आणि पत्रावळी जराशा तरंगत होत्या. हेल्वी वाढत होती. माझ्यापाशी आली तशी मी रीतीप्रमाणं दोन्ही हात पत्रावळीवर धरले. हेल्वीनं मान हलवली आणि ती पुढं गेली. मी बघत राहिले. ती पंगतीच्या टोकापर्यंत गेली, तिथून वळली, डोहात उतरली आणि परत आलीच नाही. माझे हात तसेच पत्रावळीवर होते, आणि पत्रावळ रिकामी होती.

जाग आली तेव्हा खोलीत धुकं दाटलं होतं आणि तोमाशचा फोन वाजत होता.

तो एक किनारपट्टी कुठं संपवायची ते विचारत होता. ते झाल्यावर म्हणाला, "तुला तळ्यांची जागा नको होती, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं."

"नको होती? कोण म्हणालं?"

"हेल्वी. तू सांगितलंस ना तिला?" तोमाश हसला. "मला विचारलंय आता. शुक्रवारी सांगतो म्हणालोय. खरं सांगू, समुद्राच्याच कामात मी गळ्यापर्यंत बुडालोय, त्यात घरी तान्हं बाळ. पण दुसरं कुणी नाही म्हटल्यावर घ्यावं लागेल."

मी "हं हं" म्हणत राहिले. फोन ठेवला. परत विचारायला ती येणारच नव्हती. पंगत पुढं गेली होती.

आत्तीला सांगितलं तर ती आधी चिडली. "एकदा इचारून सोडून दिलं? असली कसली गं ही बाई? तिच्या घरात कोन जेवत तरी आसंल का?"

"आता मीच तिला सांगू का, की मला हवंय म्हणून?"

"मागायचं?" आत्तीनं पीठ मळता मळता हात थांबवला. "आपल्या तोंडानं? छ्या! नको म्हणलेलं ताट पुन्यांदा वडून घ्यायचं व्हय?" मग परात पुढं ओढून म्हणाली, "जाऊ दे. पुण्याचं हाय की. जा तू पुण्याला. माझ्यासाठी हितं कुजू नकोस."

"मी गेले तर तुला चालेल?"

"न चालायला काय झालं? तू यायच्या आदी मी भाकरी थापत नव्हतो व्हय?" आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना असंच, पुरुषासारखं बोलतात. आत्तीच्या तोंडी ते शोभायचं. तिला कशाचीच गरज लागत नाही, असंच त्यातून वाटायचं.

हे मी तिला अनेकदा विचारलं होतं, आणि दर वेळी हेच उत्तर मिळालं होतं. मीही ते खरं धरून बसले होते. पाहुण्यांच्या 'नको'तलं खरं-खोटं मला कळायचं, ते आत्तीनंच शिकवलं होतं. दोन्ही हात ताटावर ठेवून, हसत नको म्हणतोय तो अजून एक भाकरी खातो. ताटच बाजूला सरकवलं तर मात्र त्याचं पोट भरलंय, त्याला छळायचं नाही. पण आत्तीला कधी कुणी वाढलंच नव्हतं, त्यामुळं तिचं नको कसं असतं हे बघायची वेळ आली नव्हती. सगळे उठून गेल्यावर ती चुलीपाशी उकिडवी बसायची आणि उरलेलं चार घासांत संपवायची. मी वाढायला गेले की म्हणायची, "मला काय पाव्हणी समजलीस?"

हेल्वीला पत्र लिहायला मी बसले खरी. दोन ओळी लिहिल्या की त्या लाचार वाटायच्या, खोडून पुन्हा लिहिल्या की उद्धट वाटायच्या. शेवटी सगळं पुसून टाकलं. गुरुवारी आमचं दर आठवड्याचं बोलणं असायचं. त्या गुरुवारनंतर शुक्रवार, आणि शुक्रवारी तोमाश हो म्हणणार.

गुरुवारी लाईट गेली. आतल्या खोलीत अंधारच झाला, म्हणून मी लॅपटॉप उचलून पडवीच्या कडेला आणून बसले. मोबाईलवरून नेट जोडलं. पलीकडं इचलकरंजीचं एक कुटुंब जेवत होतं. नवरा-बायको, म्हातारी आई आणि कुणी एक गलेलठ्ठ, खुशमिजाज मामा.

हेल्वी दिसली ती नेहमीच्या खोलीत नव्हती. लाकडी फळ्यांवर बसली होती, आणि मागं पाणी होतं.

"मी गावाकडच्या घरी आहे," ती म्हणाली. "ओळखतेस का हे?"

तिनं फोन फिरवला. करडं, निश्चल पाणी. लांब एक बेट, त्यावर काही झाडं. पाण्यावर धुक्याचा एक पट्टा लोळत पडला होता, आमच्यासारखाच.

"लिंतुयार्वी," मी म्हणाले. दोन वर्षं ज्या तळ्याला आतून बघितलं होतं त्याचा चेहरा आज पहिल्यांदा दिसत होता. "उजवीकडं तो खडक. तिथं जाऊ नका, मॅडम. एकदम खोल आहे."

हेल्वी माझ्याकडं बघत राहिली. "माझे वडीलही हेच सांगायचे," ती म्हणाली.

मग आम्ही कामाचं बोलायला लागलो. दक्षिण टोक, विरळ ठिपके. मी बोलत होते, पण हेल्वीचं लक्ष माझ्या खांद्यावरून मागं गेलं होतं.

"थांब," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझ्या मागं त्या गृहस्थांना कुणी त्रास देतंय का?"

मी वळून बघितलं. मामांनी दोन्ही तळवे ताटावर पसरले होते, मान जोरजोरात हलत होती, आणि आत्ती भाकरी घेऊन त्यांच्या डोक्यावर उभी होती.

"बास, बास आत्ती! फुटंल आता पोट!"

"फुटतंय कशानं? अर्धीच हाय. ही माझ्या हातची, खाऊन तर बगा."

"नको हो, खरंच नको!"

"ती माझी आत्ती," मी हेल्वीला म्हणाले. "जेवण वाढतेय."

"पण ते नको म्हणतायत. हात बघ त्यांचे."

"हो. पण ते खरं 'नको' नाहीये."

हेल्वीच्या कपाळावर आठी पडली. "मग काय आहे?"

मी सांगायला लागले. हसत हसत, थट्टेच्या सुरात. की आमच्याकडं पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं. नाहीतर माणूस हावरा ठरतो. दुसऱ्यांदाही म्हणायचं, म्हणजे वाढणाऱ्याला आग्रहाची संधी मिळते. कुणी फिरून विचारलंच नाही तर आपण त्यांना नकोसे आहोत असं समजायचं. बोलता बोलता मला जाणवलं, की माझा आवाज थट्टेचा राहिलेला नाही. मागं आत्तीची भाकरी मामांच्या बोटांमधून ताटात पडली. मामांनी हात काढले, मोठा सुस्कारा टाकला आणि तुकडा मोडून झुणक्यात बुडवला.

हेल्वीनं तो घास त्यांच्या तोंडात जाईपर्यंत पाहिला. मग ती गप्प झाली. पाण्यावरचा धुक्याचा पट्टा तिच्या मागून बेटाकडं निघाला होता. त्या दिवशी मी तिचं गप्प बसणं भरायला गेले नाही.

"याच घरात," ती शेवटी म्हणाली, "सूपाचं भांडं टेबलाच्या मध्ये असायचं. वडील एकदाच म्हणायचे, घ्या. ज्याला हवं तो घ्यायचा. पाहुणा नको म्हणाला, तर त्याला पुन्हा विचारायचं नाही. पुन्हा विचारणं म्हणजे, तू खोटं बोललास, असं त्याच्या तोंडावर सांगणं." तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "मी तुझा शब्द खरा धरला. मला वाटलं, मी तुला मान देतेय."

"हो," मी म्हणाले.

"मी तुला दुखावलं का?"

"नाही, नाही!" मी घाईघाईनं म्हणाले. मग माझं मलाच हसू आलं. "हेसुद्धा तसलंच 'नाही' होतं, मॅडम."

हेल्वी हसली. ती हसते तेव्हा आवाज होत नाही, फक्त डोळ्यांच्या कडा हलतात. "मला दुसऱ्यांदा विचारता येणार नाही," ती म्हणाली. "जमणारच नाही. खोटं खोटं वाटेल. पण भांडं अजून मध्ये आहे. उद्यापर्यंत आहे."

एवढं बोलून ती पुन्हा थांबली.

हातभर अंतरावर माझं आयुष्य ठेवलं होतं आणि मला फक्त हात पुढं करायचा होता. तुम्हाला हे सोपं वाटेल. माझ्या सात पिढ्यांत कुणी तो हात पुढं केला नव्हता. आई डोळे वटारून उभी असल्याचा भास झाला, लहानपणीच्या सगळ्या काकवा-मावश्या रांगेनं दिसल्या. कानशिलं तापली. मागं आत्ती पाहुण्यांना दही घ्या म्हणून बजावत होती. पुण्याच्या ऑफिसातली माझी जुनी खुर्ची डोळ्यांसमोर आली, आणि तिच्या शेजारची ती कधीच न उघडणारी खिडकी.

"हेल्वी," मी म्हणाले. मॅडम राहूनच गेलं. "मला हे काम हवंय. पहिल्यापासून हवं होतं."

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. नारळ नाही, पेढा नाही, अभिनंदनसुद्धा नाही.

"तोमाशला आनंद होईल," ती म्हणाली. "आता ते दक्षिणेचं टोक बघू."

इचलकरंजीची माणसं गेली. लाईट अजून आली नव्हती. पडवीत दिवसाचा शेवटचा उजेड होता आणि गड खालून वर पांढरा होत चालला होता. झाडं गेली, समोरची भिंत गेली, रस्ता गेला. आमची पडवी तेवढी उरली, एखाद्या बेटासारखी. आत्ती ताटं गोळा करत होती. मी तिला सगळं सांगितलं.

"मागितलंस?" आत्ती ताटं घेऊन खालीच बसली. "सरळ तोंडानं? हवंय म्हणून?"

"हो."

"आनि तिनं दिलं?"

"दिलं."

आत्तीनं गालावर हात ठेवला आणि बराच वेळ मान हलवली. मग खळखळून हसली. "आगं माझ्या बाई! माझ्या आख्ख्या जल्मात जमलं नसतं मला." पदरानं डोळे पुसले आणि ती पुन्हा नेहमीची आत्ती झाली. "मंग आता काय, सुटलीस की. ह्यो डबा कुटंबी उघडून बसलं तरी काम हुतंय न्हवं? मंग जा की चांगल्या गावाला. चार मानसांत रहा. माझ्यासाठी हितं कुजू नकोस."

नेहमीचंच वाक्य. नेहमी मी यावर म्हणायची, "असं कसं गं, तू एकटी," आणि ती म्हणायची, "मला काय धाड भरलीय," आणि मी गप्प व्हायची. त्या दिवशीही ओठावर तेच आलं होतं. तिला दुसऱ्यांदा विचारायचं, तिसऱ्यांदा विचारायचं, तिनं नको-नको म्हणत राहायचं, आणि शेवटी मीच तिच्यावर उपकार केल्यासारखं राहायचं. नाहीतर तिचं नको खरं मानून एक दिवस निघून जायचं. दोन्ही मला नको वाटलं. जन्मभर दुसऱ्यांच्या ताटावर उभ्या राहिलेल्या या बाईला, तुला काय हवंय, हे कुणी म्हणजे कुणी विचारलेलं नव्हतं. आणि विचारलं असतं, तरी तिला उत्तर देता आलं नसतं.

"आत्ती," मी म्हणाले, "मला इथं राहायचंय. मला आवडतं म्हणून, तुझ्यासाठी नाही. पण घर तुझं आहे. तुला मी हवी असले तर तू सांग. मी परत विचारणार नाही."

"म्हंजे काय?" ती बावरली. "मी काय सांगनार? तुजं तू बग."



गप्प बसणं किती अवघड असतं ते मला त्या संध्याकाळी कळलं. आत्तीनं ताटं एकावर एक लावली. पुन्हा वेगळी केली. उठून चुलीतलं लाकूड मागं ओढलं, परत येऊन बसली. धुकं पडवीच्या पायरीपर्यंत आलं आणि आत येऊ का नको असं करत तिथं थांबलं. कुठूनतरी खालच्या गावातली घंटा ऐकू आली. माझी जीभ शिवशिवत होती. हेल्वीला हे कसं जमतं, याचा मी विचार करत होते.

"राहा की," आत्ती म्हणाली.

ती जमिनीकडं बघत होती. आवाज तिचा वाटतच नव्हता.

"राहा. तू जायचं नाव काडलंस की मला..." तिला पुढचं सापडेना. "भाकरी एकीसाठी थापायला हात उचलत न्हाई गं, ऊर्मे. आलेली मानसं जेवून जात्यात. मला कोनतरी ऱ्हानारं पाहिजे."

मला रडू आलं. तिला बघू दिलं नाही, आणि तिनंही बघितलं नसल्यासारखं केलं. मी आत गेले, पाट आणला आणि चुलीपाशी नाही, पडवीत मांडला. ताट घेतलं. झुणका, भाकरी, कांदा, खर्डा आणि मडक्यातलं दही घालून तिच्यापुढं ठेवलं.

"हे काय नवीन?" ती म्हणाली, पण बसली. हळूहळू जेवायला लागली. आपल्याच हातचं जेवण पहिल्यांदाच चाखत असल्यासारखं, मध्येच थांबून, चव घेत. भाकरी संपत आली तशी मी दुसरी घेऊन तिच्यापाशी उभी राहिले.

"बास," आत्तीनं दोन्ही हात ताटावर पसरले. "नको. खरंच नको गं."

मी भाकरी हातात धरून तशीच उभी राहिले. घाई केली नाही. आत्तीनं वर माझ्याकडं बघितलं, मग भाकरीकडं बघितलं, आणि ताटावरचा एक हात काढून घेतला.